मृतांची आठवण आणि जिवंतांचे देणे

मृत्यूनंतर माणसाचे काय होते, या प्रश्नाचे उत्तर निरनिराळ्या धर्मांनी निरनिराळे दिले आहे. परंतु मागे राहिलेल्यांनी काय करावे, याविषयी मात्र सर्व धर्मांचे पुष्कळसे एकमत दिसते. मृताला टाकून देऊ नये, त्याचे नाव घ्यावे आणि त्याच्या घरच्यांना एकटे पडू देऊ नये, या तीन गोष्टी हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, बौद्ध सारेच पाळतात. निदान पाळाव्यात असे मानतात. आम्ही जन्माने व श्रद्धेने ख्रिस्ती, वसईच्या किल्ल्यालगतच्या पाचूबंदरातले, कोळ्याच्या घरातले. आणि कामाने कामगार संघटनेचे कार्यकर्ते. शाळा सातवीत सुटली. पुढे जे काही वाचले ते कारखान्याच्या पाळीनंतर, आणि समजले ते माणसांत वावरून. तेव्हा विद्वत्तेचा आव न आणता येथे एवढेच मांडावयाचे आहे की, ख्रिस्ती माणूस आपल्या गेलेल्या माणसांची आठवण कशी ठेवतो, त्या आठवणीतून त्याचा विश्वास कसा घडतो, आणि त्या विश्वासाने त्याच्या हातून काय व्हावयास हवे.

दोन नोव्हेंबरचा दिवस

आम्हा कॅथलिक लोकांत नोव्हेंबर हा मृतांचा महिना मानतात. १ नोव्हेंबरला सर्व संतांचा सण, आणि दुसऱ्या दिवशी, २ नोव्हेंबरला, सर्व मृतांचा स्मरणदिन. फ्रान्समधील क्लूनी येथील मठाचे प्रमुख ओडिलो यांनी दहाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या मठांतून हा दिवस पाळावयास सुरुवात केली व तेथून तो सर्वत्र पसरला. त्या दिवशी वसईतील कुठल्याही चर्चच्या दफनभूमीत गेलात, तर घरोघरची माणसे कबरी झाडून, धुऊन त्यांवर झेंडूची फुले घालताना आणि मेणबत्त्या लावताना दिसतील. धर्मगुरू कबरींवर पवित्र पाणी शिंपडतात. मुले इकडेतिकडे धावतात, वडीलधारी माणसे त्यांना बोटाने दाखवून सांगतात, हा तुझा पणजा, ही त्याची बहीण. पितृपक्षात शेजारच्या हिंदू घरांत पान वाढतात, त्याच जातीची ही भावना आहे, हे आमच्या हिंदू मित्रांना वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

यामागचा विश्वास थोडक्यात सांगावयाचा तर असा : मनुष्य मेल्यावर देवाकडे जातो, पण बहुतेक माणसे पूर्ण शुद्ध होऊन मरत नाहीत. त्या शुद्धीच्या वाटेवर जिवंतांची प्रार्थना त्यांच्या उपयोगी पडते. म्हणून मृत्यूनंतर सातव्या दिवशी, महिन्याने आणि वर्षाने मिस्सा अर्पण करण्याची रीत आहे. प्रोटेस्टंट पंथाचे आमचे बंधू ही कल्पना मानीत नाहीत. ते मृताला देवाच्या हवाली करून त्याच्या आयुष्याबद्दल आभार मानतात. दोन्ही पंथांत एक गोष्ट मात्र समान आहे. मृत्यूने नाते तुटते असे कोणीच मानीत नाही.

आमच्या आजीच्या तरुणपणी ही सारी उपासना लॅटिन भाषेत चाले. १९६२ ते १९६५ या काळात व्हॅटिकनची दुसरी धर्मपरिषद भरली आणि तिने १९६३ साली लोकभाषांना उपासनेत वाट करून दिली. त्यानंतर वसईत मिस्सा मराठीत होऊ लागली. आजी लॅटिन शब्द तोंडपाठ म्हणत असे. अर्थ विचारला तर म्हणे, "देवाला कळतोय ना? मग झालं." पण मराठी मिस्सेत आपल्या नवऱ्याचे नाव मराठी वाक्यात तिने प्रथम ऐकले, त्या दिवशी ती चर्चमध्ये मोठ्याने रडली, असे आई सांगत असे. भाषा बदलली म्हणजे दुःखही अधिक जवळ येते, असा याचा अर्थ आम्ही लावतो.

दफनभूमीतील आणखी एक गोष्ट सांगावयास हवी. जागा थोडी आणि माणसे फार, म्हणून काही वर्षांनी तीच जागा दुसऱ्यासाठी उकरतात. आधीच्याच्या अस्थी बाजूला ठेवतात व नव्या माणसाला आत घेतात. परक्याला हे कठोर वाटेल. आम्हाला त्यात न्याय दिसतो. जिवंतपणी ज्याने दहा गुंठे अडविले, त्यालाही शेवटी पाळीनेच जागा मिळते.

किल्ल्यातील शिळा

पाचूबंदरापासून हाकेच्या अंतरावर वसईचा किल्ला आहे. १५३४ साली ही भूमी पोर्तुगीजांकडे गेली आणि मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या सैन्याने किल्ला जिंकला. त्या दोनशे वर्षांच्या खुणा आत विखुरलेल्या आहेत. फ्रान्सिस्कन साधूंच्या पडक्या चर्चमध्ये जमिनीवर थडग्यांच्या अनेक शिळा आहेत. त्यांवर पोर्तुगीज अक्षरे व घराण्यांची चिन्हे कोरली आहेत. मोठमोठ्या हुद्द्यांची माणसे तेथे निजली आहेत. छप्पर केव्हाच गेले, पावसाळ्यात शिळांवर पाणी साचते, आणि कोरलेली नावे वाचणारा क्वचितच कोणी येतो. दगडावरचे नाव टिकले, पण ते नाव उच्चारणारे तोंड राहिले नाही.

आता याच वसईच्या दुसऱ्या एका माणसाकडे पाहा. गोन्सालो गार्सिया हा सोळाव्या शतकात वसईत जन्मला. बाप पोर्तुगीज, आई येथलीच. कोवळ्या वयात तो येशूसंघीय धर्मगुरूंबरोबर जपानला गेला. पुढे त्याने व्यापार केला, मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात ब्रदर झाला आणि पुन्हा जपानला परतला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे २५ सोबत्यांसह त्याला क्रूसावर ठार मारण्यात आले. १८६२ साली पोप नववे पायस यांनी त्याला संत म्हणून जाहीर केले. भारतात जन्मलेला हा पहिला संत होय. त्याचे थडगे वसईत नाही. तरीही वसईत त्याचे नाव माहीत नाही असे ख्रिस्ती घर सापडणार नाही. गास येथील चर्च त्याच्या नावाचे आहे, आणि वसईच्या कित्येक मुलांना त्याचे नाव ठेवलेले आढळते.

एकाचे थडगे आहे पण स्मरण नाही, आणि दुसऱ्याचे स्मरण आहे पण थडगे नाही. यावरून ध्यानात येते की, आठवण दगडाने टिकत नाही. ती जिवंत माणसांच्या वागणुकीत उतरली तरच टिकते. संतांच्या बाबतीत हे काम चर्च करते. साध्या माणसांच्या बाबतीत ते कोणी करावयाचे, हा खरा प्रश्न आहे.

लक्ष्मीबाईंनी घालून दिलेला धडा

आपल्या माणसांविषयी खरे कसे बोलावे, याचा धडा मराठी ख्रिस्ती माणसाला फार चांगल्या हातांनी घालून दिला आहे. बाबा पदमनजी यांचे 'अरुणोदय' हे आत्मचरित्र १८८८ साली निघाले. आमच्याच वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले आणि २५ जुलै २०२४ रोजी निवर्तले. त्यांनी 'नाही मी एकला' या नावाने आपले आयुष्य लिहिले. परंतु या सर्वांत सामान्य वाचकाच्या घरात शिरलेले पुस्तक म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे' होय.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा. शाळेचे शिक्षण असे नव्हतेच. लग्न १८८० साली, नारायण वामन टिळकांशी झाले. अक्षरओळख नवऱ्याकडून. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि या बाईंच्या डोक्यावर आकाश कोसळले. काही वर्षे नवरा-बायको दूर राहिली. पुढे त्या टिळकांकडे गेल्या, पण धर्म मात्र लगेच बदलला नाही. पाहत राहिल्या, विचार करीत राहिल्या. जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःच्या मनाशी सोडविला, आणि मग कोणाच्याही हातचे खाण्यापिण्यास त्या तयार झाल्या. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळक ९ मे १९१९ रोजी वारले. 'स्मृतिचित्रे' १९३४ ते १९३६ या काळात भागाभागांनी प्रसिद्ध झाले आणि २४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाईंनीही डोळे मिटले.

हे पुस्तक आम्ही प्रथम वाचले ते कारखान्याच्या फाटकावरील संपाच्या दिवसांत, एका सोबत्याकडून मागून आणून. दोन गोष्टींनी आम्हाला धरून ठेवले. पहिली अशी की, बाई नवऱ्याला देव करीत नाहीत. टिळक मोठे कवी, मोठे भक्त, हे त्या सांगतात; आणि त्यांचा रागीट स्वभाव, घरात काही नसताना असेल नसेल ते देऊन टाकण्याची खोड, न सांगता कुठेतरी निघून जाणे, हेही तितक्याच मोकळेपणाने व हसत हसत सांगतात. वाचून संपल्यावर टिळकांविषयीचा आदर कमी होत नाही, वाढतो. दुसरी गोष्ट अशी की, विश्वास हुकमाने येत नाही, हे त्यांच्या चरित्रात स्वच्छ दिसते. तो माणसाच्या सहवासातून, हळूहळू, पारखून घेऊनच येतो.

आमच्यात कोणी वारला म्हणजे तो देवमाणूस होता, असे म्हणण्याची पद्धत आहे. आमचा बाप उत्तम तांडेल होता. ओहोटी-भरतीचा हिशेब त्याच्या बोटांवर असे. आणि बंदीच्या महिन्यांत, बोट किनाऱ्यावर ओढलेली असताना, तो दारूही पीत असे व आईला त्याचा ताप होत असे. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. लक्ष्मीबाईंचे पुस्तक वाचल्यावर त्या दोन्ही एका दमात सांगण्याचे धैर्य आम्हाला आले. ज्याचे दोष आपण लपवितो, त्याच्यासाठी प्रार्थना तरी कशाची करावयाची? मृतांसाठी प्रार्थना करणारा धर्मच मुळी असे गृहीत धरतो की, मृत माणूस अपुरा होता.

ज्याला माती मिळाली नाही

ख्रिस्ती दफनात, पेटी खाली सोडल्यावर, जमलेला प्रत्येक जण मूठभर माती टाकतो. मराठीत 'मूठमाती देणे' याचा अर्थ एखादी गोष्ट कायमची संपविणे असा झाला आहे. दर्यावर जगणाऱ्या घरांना मात्र ही मूठभर मातीदेखील हक्काची नसते. बोट बुडते, माणूस पाण्यात पडतो आणि दर्या त्याला परत देतोच असे नाही.

आमचा धाकटा काका असाच गेला. ते साल १९८१. आम्ही त्या वेळी अकरा वर्षांचे होतो. त्या काळी आपल्या बोटींवर बिनतारी यंत्रे नव्हती. परतलेल्या बोटींच्या तांडेलांकडून जे कळेल ते कळे. दोन दिवस शोध झाला. फळ्या मिळाल्या, एक डबा मिळाला, माणूस मिळाला नाही. तेव्हापासून आमच्या बापाला एक सवय लागली. बोट किनाऱ्याला लागली की, सगळ्या बोटी मोजल्याशिवाय तो घरी येत नसे. आपली आली, आता शेजाऱ्याची आली का, हे पाहिल्याशिवाय त्याच्या घशाखाली घास उतरत नसे. धर्माचे पुस्तक त्याने कधी उघडले नाही. पण शेजारी कोण, हे त्याला त्या मोजणीतून कळले होते.

काकीने काका मेला असे मानले नाही. वर्ष झाले तेव्हा घरच्यांनी मिस्सा ठेवण्याचे ठरविले. ती धर्मगुरूंकडे गेली आणि म्हणाली, "फादर, त्याचं नाव घ्या, पण मेला म्हणू नका." त्या भल्या माणसाने तिला उपदेश केला नाही. वेदीवरून त्यांनी केवळ नाव घेतले, जिवंत की मृत ते म्हटले नाही, आणि सर्वांना क्षणभर स्तब्ध राहावयास सांगितले. पुढे कित्येक वर्षे तसेच चालले. विश्वास म्हणजे सर्व प्रश्नांची उत्तरे असणे नव्हे, एवढे आम्ही त्या स्तब्धतेत शिकलो.

हिंदू शेजाऱ्यांत अशा वेळी पळसाच्या पानांची प्रतिमा करून तिला अग्नी देण्याचा विधी आहे. त्यास पालाशविधी म्हणतात. आमच्यात शरीर नसतानाही मृतासाठी मिस्सा करता येते. तात्पर्य, धर्माने आपल्या परीने वाट काढली आहे. वाट अडते ती दुसरीकडे.

सात वर्षे

काकीला लिहिता-वाचता येत नव्हते. म्हणून तिच्याबरोबर कचेऱ्यांत आम्ही जात असू, कागद वाचण्यासाठी. एका कचेरीत तिला सांगण्यात आले, "मृत्यूचा दाखला आणा." ती म्हणाली, "माणूस आणून द्या, दाखला मी आणते." साहेब हसले, तिच्या डोळ्यांत पाणीही आले नाही. आमचे खरे शिक्षण त्या खेपांत झाले. अर्ज कसा लिहावा, पोच कशी घ्यावी, तारीख का टिपून ठेवावी, हे आम्हाला शाळेने शिकविले नाही, काकीच्या कागदांनी शिकविले. पुढे संघटनेच्या कामात त्याचाच उपयोग झाला.

आता या बाबतीतला कायदा प्रत्येक दर्यावर्दी कुटुंबाला ठाऊक असावा, म्हणून तो सोप्या शब्दांत देतो. ज्या माणसाविषयी, स्वाभाविकपणे ज्यांना कळावयास हवे त्यांना, सात वर्षे काहीही कळले नाही, तो जिवंत आहे असे सिद्ध करण्याची जबाबदारी तसे म्हणणाऱ्यावर पडते. १८७२ च्या पुरावा कायद्यात हे १०८ वे कलम होते. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा घेणाऱ्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते १११ वे आहे. लोक समजतात की, सात वर्षे भरली की दाखला आपोआप मिळतो. तसे नाही. वाद असल्यास न्यायालयात जावे लागते. शिवाय सात वर्षांनंतर माणूस मेला असे धरले, तरी तो अमुक दिवशी मेला असे त्यातून निघत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली आयुर्विम्याच्या एका खटल्यात हेच सांगितले. त्या खटल्यात हप्ते थांबल्यामुळे विमा बंद पडला होता व दावा टिकला नाही. म्हणून बेपत्ता माणसाच्या आयुर्विम्याचे हप्ते घरच्यांनी शक्य तोवर चालू ठेवावे. ज्या घरातला मिळवता हात गेला त्या घराने हप्ता कुठून भरावा, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे, आणि म्हणूनच तो एका घराचा न राहता वस्तीचा व्हावयास हवा.

चर्चचा कायदा याहून वेगळ्या रीतीने विचार करतो. १९८३ च्या धर्मसंहितेतील १७०७ व्या नियमाप्रमाणे, जोडीदार मेल्याचा अधिकृत दाखला नसेल तर मृत्यू गृहीत धरण्याचा निर्णय बिशप देतात. पण केवळ माणूस बरीच वर्षे नाही एवढ्यावर तो देता येत नाही. साक्षीदारांचे जबाब, लोकांत चाललेली वार्ता, परिस्थितीचे पुरावे यांवरून बिशपांची नैतिक खात्री पटली पाहिजे. म्हणजे सरकारी कायदा वर्षे मोजतो आणि चर्च पुरावा मोजते. दोन्हीकडे उपयोगी पडेल अशी गोष्ट एकच, ती म्हणजे पहिल्या आठवड्यात, आठवण ताजी असताना, घेतलेले जबाब. कोणत्या बोटीने शेवटचे पाहिले, वारा कसा होता, कोणते सामान सापडले, हे आजूबाजूच्या तांडेलांकडून लिहून, सही-अंगठा घेऊन ठेवले पाहिजे. सागरी पोलीस ठाण्यात तक्रार त्याच दिवशी नोंदवून पोच घेतली पाहिजे. मत्स्यव्यवसाय खात्याच्या परवाना अधिकाऱ्याला व मच्छीमार संस्थेला लेखी कळविले पाहिजे. शोक करणाऱ्या बाईने हे करावे ही अपेक्षाच चुकीची आहे. ते शेजाऱ्यांनी करावयाचे आहे.

आणि सात वर्षे थांबावेच लागते असेही नाही. २०१३ साली उत्तराखंडात प्रलय झाला तेव्हा आणि नोव्हेंबर २०१७ च्या अखेरीस ओखी वादळाने केरळ व कन्याकुमारीकडील शेकडो मच्छीमारांचा घास घेतला तेव्हा, बेपत्ता माणसांना मृत धरून मदत देण्याची खास वाट सरकारांनी काढली. ओखीत गेलेल्यांत आमच्याच धर्माचे, आमच्याच धंद्याचे लोक पुष्कळ होते. तेथे ही गोष्ट घडली, कारण मृतांची संख्या मोठी होती आणि किनाऱ्यावरचे लोक, त्यांचे धर्मगुरू व त्यांच्या संघटना एका आवाजात बोलल्या. एकच बोट बुडाली व दोनच माणसे गेली, तर त्यांच्यासाठी कोणी खास हुकूम काढीत नाही. परंतु दोन घरांचे दुःख दोनशे घरांच्या दुःखाहून लहान असते, असे कोण म्हणेल? एकट्यादुकट्या अपघातालाही तीच सोय लागू व्हावी, अशी मागणी किनाऱ्यावरील सर्व धर्मांच्या लोकांनी एकत्र करणे हेच मृतांचे खरे स्मरण होय, असे आम्हाला वाटते.

आपले माणूस कोण?

कॅथलिक शिकवणुकीत दयेची सात शारीरिक कामे सांगितली आहेत. भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी, उघड्याला वस्त्र, बेघराला आसरा, आजाऱ्याची व बंदिवानाची भेट, ही सहा मत्तयाच्या शुभवर्तमानातून आली. सातवे काम मृताला पुरण्याचे. ते तोबितच्या ग्रंथातून आले. परदेशात गुलामीत असताना, स्वतःच्या जिवावर संकट ओढवून, तोबित आपल्या लोकांचे बेवारशी पडलेले मृतदेह पुरीत असे. ज्याला माती मिळाली नाही त्याच्या बाबतीत हे सातवे काम कसे करावयाचे, याचा विचार आम्ही फार दिवस केला. आमचे उत्तर असे आहे की, त्याचे शरीर आपल्याला झाकता येत नाही, पण त्याच्या घरावरचे छप्पर आपल्याला राखता येते. याकोबाच्या पत्रात म्हटले आहे की, कृतीवाचून विश्वास निर्जीव असतो. त्याचा याहून सरळ अर्थ आम्हाला तरी सापडलेला नाही. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली कामगारांच्या स्थितीवर आपले प्रसिद्ध परिपत्रक काढले आणि कामगारांनी संघटित होण्याचा हक्क उचलून धरला, त्याचेही मूळ येथेच आहे.

आमची आई मासळी विके. वलांडीवर बोंबील घालताना ती एक मूठ बाजूला ठेवी. ती मूठ कोणाची, हे विचारावयाची सोय नसे. संध्याकाळी ती कुठल्या दारात जाई हे आम्ही पाहत असू. ते दार कधी काकीचे, कधी शेजारच्या हिंदू कोळणीचे असे. आईने त्याला दान म्हटले नाही. ती त्याला 'वाटा' म्हणे. दान देणाऱ्याच्या मर्जीवर असते, वाटा घेणाऱ्याचा हक्क असतो. संघटनेची पुष्कळ पुस्तके आम्ही पुढे वाचली. या एका शब्दात आईने सांगितले त्याच्यापलीकडे ती फारशी गेली नाहीत.

आज हा प्रश्न अधिक अवघड झाला आहे. आपल्या बोटींवर आता घरचीच माणसे नसतात. जव्हार-मोखाड्याकडचे आदिवासी तरुण आणि दूरच्या राज्यांतले मजूर खलाशी म्हणून येतात. त्यांतला कोणी पाण्यात गेला, तर त्याची आई कोणत्या गावी आहे, हेही पुष्कळदा किनाऱ्यावर कोणाला सांगता येत नाही. त्याच्यासाठी २ नोव्हेंबरला मेणबत्ती कोण लावणार? तो ख्रिस्ती नसेल. त्याला मेणबत्ती नको असेल. पण त्याच्या आईला निरोप हवा, त्याची राहिलेली मजुरी हवी आणि त्याच्या नावाचा विमा हवा. २०२० साली सुरू झालेल्या पंतप्रधान मत्स्यसंपदा योजनेत मच्छीमारांच्या गट अपघात विम्याची सोय करण्यात आली व मृत्यूसाठी ५ लाख रुपयांची तरतूद ठेवण्यात आली. अशी तरतूद ज्याचे नाव यादीत आहे त्याच्याच उपयोगी पडते. खलाशाचे नाव यादीत घालणे हे नाखव्याचे काम, ते घातले की नाही हे पाहणे संस्थेचे काम, आणि दोघांनाही विचारणे हे वस्तीचे काम.

चांगल्या शोमरोनी माणसाची गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. रस्त्यावर जखमी पडलेल्या परक्याजवळ थांबलेला तो मनुष्य त्याच्या धर्माचा नव्हता, जातीचा नव्हता. शेजारी कोण, या प्रश्नाला ख्रिस्ताने ही गोष्ट सांगून उत्तर दिले. आमचा बाप बोटी मोजताना माणसांची जात मोजीत नसे, याची येथे आठवण होते.

तेव्हा आम्ही प्रत्येक धर्मग्रामाला, प्रत्येक मच्छीमार संस्थेला आणि या सभेला आलेल्या प्रत्येक नागरिकाला तीन कामे सुचवितो. पहिले, बंदीचे महिने संपून बोटी पाण्यात उतरण्यापूर्वी, जेव्हा धर्मगुरू बोटींना आशीर्वाद देतात वा नारळ अर्पण होतो, त्याच दिवशी प्रत्येक बोटीवरील खलाशांची नावे, गावे व घरच्यांचे पत्ते एका वहीत लिहून संस्थेत ठेवावे. दुसरे, वस्तीत लिहिता येणाऱ्या दोन-चार तरुणांनी, अपघात झाल्यास पहिल्या आठवड्यात जबाब व कागद गोळा करण्याची जबाबदारी आधीच अंगावर घ्यावी. तिसरे, मृतांच्या स्मरणदिनी दफनभूमीतून परतताना, ज्या घरातला माणूस दर्यावरून आला नाही त्या घरी जावे आणि कोणता कागद अडला आहे ते विचारावे. या तिन्ही कामांना पैसा लागत नाही. वही लागते, वेळ लागतो आणि विचारण्याची लाज सोडावी लागते.

काकी आता नाही. तिला माती मिळाली. ती देणाऱ्यांत आम्हीही होतो. तिच्या कागदांची गाठोडी आमच्याकडे आहे. तिच्या नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला तिला अखेर मिळाला, पण त्यासाठी गेलेली वर्षे कोणी परत दिली नाहीत. तशी वर्षे यापुढे कोणा बाईची जाऊ नयेत. एवढे झाले तरी या लेखाचे काम झाले, असे आम्ही समजू.